एप्रिलातलं सुंठीचं घर

आमच्या घरमालकीणबाई माणसाला नावाने ओळखत नसत, आकाराने ओळखत. कोपऱ्यावरचा किराणावाला वर्तुळ. "कुठूनही धर, हातात येत नाही," म्हणायच्या. दूधवाला समांतर रेषा, कारण तो आणि खरेपणा शेजारी शेजारी चालायचे पण भेटायचे नाहीत. चर्चचे पाळकसाहेब काटकोन. मी खोली बघायला गेले त्या दिवशी मला दारात उभं करून त्यांनी खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "विषमभुज."

मला वाटलं, शिवी दिली. मी एसटीत कंडक्टर. शिव्या ऐकायची सवय आहे नि द्यायचीही, पण ही नवीनच होती. मी म्हटलं, "बाई, खोली द्यायची असंल तर द्या, नावं ठेवू नका."

"अगं, नावं नाही ठेवली," त्या हसून म्हणाल्या. "तिन्ही बाजू तीन तऱ्हांच्या आहेत तुझ्या, पण आहेस त्रिकोण. चौकोनाला मी खोली देत नाही. चौकोन लबाड असतो. एका कोपऱ्यातून ढकलला की सगळाच कलतो. त्रिकोण ढकलून बघ, हलत नाही. ये, चहा घे."

तो चहा प्यायला म्हणून आत गेले ती चार वर्षं राहिले. केडगावात, पुणे रोडपासून आत, कौलारू छपराचं तीन खोल्यांचं बैठं घर आणि मागे माझी एक खोली. बाई एकट्याच. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, शिडशिडीत, सुती साडी आणि खांद्याला पिशवी. तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, पण पिशवीत लाकडी गुण्या अजून होता. फळ्यावर काटकोन काढायचा तो मोठा गुण्या हो. बाजारात कलिंगड घेतलं तरी घरी येऊन त्याच्या बारा सारख्या फोडी व्हायच्या, आणि एखादी लहान-मोठी झाली की बाई ती स्वतः खाऊन टाकायच्या, पुरावा राहायला नको म्हणून. कानात ऐकायचं यंत्र होतं. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की ते काढायच्या आणि पदराने पुसत बसायच्या. मी कितीदा तरी अर्धं भांडण त्या पुसण्यापायी सोडून दिलंय.

आता घराचं सांगते. सुंठीच्या घराचं.

बाई ख्रिस्ती. आमच्या नगरला ख्रिस्ती घरं पुष्कळ, त्यात नवल नाही. नाताळला फराळाची ताटं आमच्या डेपोतही येतात. पण बाई दर ईस्टरला एक घर करायच्या. खायचं घर. कणीक, गूळ, सुंठ, दालचिनी, लवंग घालून जाड बिस्किटाच्या भिंती भाजायच्या, त्या पाकाने जोडायच्या, वर उतरतं छप्पर, आणि छपरावर मार्शमेलोची कौलं. मार्शमेलो म्हणजे साखरेचा पाक फेटून फेटून केलेली कापसासारखी मऊ मिठाई. दुकानात मिळते तिच्यात हाडांची जेली असते म्हणून बाई ती घरीच चायना ग्रास, म्हणजे शेवाळाची जेली, घालून करायच्या, का तर गल्लीतल्या माळकऱ्यांनाही खाता यावी. उरलेल्या मार्शमेलोची हळद घालून पिवळी पिल्लं करायच्या, डोळ्यांना मोहरी. ती पिल्लं त्या बिस्किटाच्या घराच्या अंगणात ठेवायची.

"परदेशात हे नाताळला करतात ना, बाई?" मी पहिल्या वर्षी मोबाईलवर बघून विचारलं.

"करू देत. थंडीत काय, काहीही उभं राहतं. नगरच्या एप्रिलात उभं राहील ते घर." मग गुळाचा हात धुता धुता म्हणाल्या, "आणि असं बघ. जन्माच्या वेळी प्रभूला घर मिळालं नाही, गोठ्यात भागवलं. निदान थडग्यातून उठल्यावर तरी जायला घर नको का?"

मी तिकीट फाडल्यागत मान हलवली.

त्या घराचे कायदे होते. बुधवारी बाई राहुरीकडच्या गुऱ्हाळाचा गूळ किसायच्या, सुंठ खलबत्त्यात कुटायच्या आणि गुण्या लावून भिंती कापायच्या. मग परातीएवढे ट्रे घेऊन रिक्षाने बेकरीत. आपल्याकडे सणाला नानकटाई भट्टीवर भाजून आणतात ना, तसंच. भट्टीवाला बाईंचाच विद्यार्थी. बाई दिसल्या की तो हातातली विडी टाकून उभा राहायचा. भिंत फुगली की बाई ती परत करायच्या आणि म्हणायच्या, "नव्वद अंश सांगितले होते, तू ब्याण्णव दिलेस." गुरुवारी घर जोडायचं. शुक्रवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारी, चर्चहून आल्यावर पुढच्या खोलीचं दार लावायचं आणि दाराला मसाला वाटायचा दगडी पाटा टेकवायचा. थडग्याचा दगड. रविवारी पहाटेची उपासना होईपर्यंत कुणी तो हलवायचा नाही, आत डोकवायचं नाही. शनिवारी बाई कानातलं यंत्रही काढून डबीत ठेवायच्या. "आजच्या दिवशी देव गप्प होता," म्हणायच्या, "मग मी कशाला ऐकू?"

आणि शेवटचा कायदा असा, की दर वर्षी ते घर कुणाच्या तरी खऱ्या घरावरून करायचं. ज्याचं घर, त्याने पहिला तुकडा मोडायचा, मग गल्लीने खायचं. एका वर्षी शेजारच्या काकांचं केलं तर त्यांच्या ओट्याला खरोखरची चीर होती, ती बाईंनी बिस्किटातही पाडली. काका आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी ओटा दुरुस्त केला.

दुसऱ्या वर्षी बाई मला म्हणाल्या, "यंदा तुझं घर. पाथर्डीकडचं. सांग, कसं आहे?"

मी पोळी लाटत होते, लाटणं थांबलं. मग मी सांगितलं, "दोन खोल्या. स्लॅब. पुढं ओटा. दारात तुळस." असं सगळं सांगितलं. बाईंनी मापं विचारली, मी मापंही ठोकून दिली. रविवारी सगळ्यांसमोर मी त्या घराचा कोपरा मोडला आणि खाल्ला. गोड होता, पण मी दुसरा तुकडा घेतला नाही. कारण तसं घर आम्हाला कधी नव्हतंच. खोटं बोलले होते मी. खरं काय होतं ते मी नोकरीला लागल्यापासून कुणाला सांगितलं नव्हतं, डेपोत नाही, गल्लीत नाही आणि बाईंना तर नाहीच.

चौथ्या वर्षी जानेवारीत बाई न्हाणीघरात पडल्या.

मी ड्यूटीवर होते. दुपारी येऊन पाहते तर बाई फरशीवर, भिंतीला पाठ टेकून बसलेल्या. चार तास तशाच. मला बघून म्हणाल्या, "ह्या फरशा काटकोनात बसवलेल्या नाहीत, तुला माहीत आहे का?" मला रडू आलं आणि रागही आला. हाड मोडलं नव्हतं, पण त्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. त्या मग बशीच वापरेनात.

त्यांचा मुलगा पुण्याला, इमारती बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. माणूस वाईट नाही हो. बाई त्याला 'समभुज' म्हणायच्या, म्हणजे बघा. तो मार्चमध्ये आला, आईच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आई, आता बास. माझ्याकडे चल. हे घर विकू."

"इथं काय वाईट आहे?"

"एकटी आहेस."

"एकटी कशी? ही आहे ना मागे."

"ताई ड्यूटीवर असतात, आई." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, पण मला ते लागलं. खोटं नव्हतं ना ते. "आणि तुझा हात बघ. ह्या हाताने तू गॅस पेटवतेस. मला तिकडे झोप लागत नाही."

बाईंनी यंत्राला हात घातला. मला वाटलं आता काढतात नि पुसतात. पण त्यांनी ते नीट दाबून बसवलं. "हाताचं म्हणतोस ना? मग पैज. ह्या ईस्टरला मी ह्याच हाताने घर करते. माझं, हेच घर. कुणी बोट लावायचं नाही. रविवारी उपासनेहून आल्यावर घर उभं असलं, तर मी इथंच. नसलं, तर त्याच गाडीत बसून तुझ्याबरोबर येते. सामानसुद्धा मागून आणू."

"आई, हा काय पोरखेळ?"

"हो की नाही?"

त्याने खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणाला, "शब्द देतेस? नंतर यंत्र काढायचं नाही."

"दिला," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू साक्षीदार. शब्द न् शब्द लक्षात ठेव." मी ठेवला. आमची नोकरीच तशी, कोण कुठे चढला नि कुठपर्यंतचं तिकीट घेतलं हे डोक्यात राहतं.

खोटं कशाला बोलू, घर विकलं तर माझीही खोली जाणार ही काळजी मला होतीच. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. पुण्याच्या सातव्या मजल्यावर, जिथे भट्टीवाला नाही, पाटा नाही, वर्तुळ किराणावाला नाही, तिथे ह्या बाई दिवसभर काय मोजणार? वर्षभरात विझतील, असंच मला वाटायचं.

त्या बुधवारी नि गुरुवारी मी रजा टाकली. कामाला नाही, नुसती बघायला. बाईंनी मला दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "हात मांडीखाली घे." घेतले. मार्शमेलो फेटताना त्या एकदम खुशीत. "हात आपोआप हलतोच आहे, फुकट कशाला जाऊ द्यायचा?" खरंच, त्या वर्षीसारखा मार्शमेलो कधी झाला नव्हता. पण खरं अवघड काम भिंती जोडायचं. भिंतीच्या कडेला पाक लावायचा आणि तो गरम असेतो ती दुसऱ्या भिंतीला भिडवायची. बाईंचा हात भिंतीजवळ गेला की थरथर वाढायची. एक भिंत निसटली, कोपरा मोडला. मी उठले.

"बस खाली," त्या ओरडल्या. मग स्वतःशीच बोलल्यागत म्हणाल्या, "हात थांबत नाही हे खरं. पण मध्ये मध्ये दम खातो. तेवढ्यात काम साधायचं." आणि मग मी पाहिलं. त्या भिंत धरून थांबायच्या, थरथर होऊ द्यायच्या, आणि ती क्षणभर ओसरली की पटकन् टेकवायच्या. एका भिंतीला कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. सकाळी आठला बसलेल्या बाई दुपारी चारला उठल्या. टेबलावर तीन खोल्यांचं घर उभं होतं, कौलांसकट. अंगणात सहा पिवळी पिल्लं. माझ्या मांडीखाली हातांना मुंग्या आल्या होत्या.

शुक्रवारी दार लागलं, पाटा टेकला.

आणि शनिवारी मी घाण केली.

दुपारी एकला माझी ड्यूटी होती, पाथर्डीची मुक्कामी गाडी. रात्री तिकडेच थांबून रविवारी सकाळच्या फेरीने परत. बाई चर्चमध्ये खुर्च्या मांडायला गेल्या होत्या. ऊन असं की अंगणातली फरशी चटके देत होती. आदल्या दिवशी माझ्या बॅगेत एका पोरीने दिलेलं चॉकलेट होतं, त्याचं पार पाणी होऊन तिकिटाच्या मशिनला चिकटलं होतं. ते आठवलं. चॉकलेटचं हे झालं तर मार्शमेलोचं काय? बंद खोलीत, ह्या उन्हात?

पुढच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून कूलर होता. बाई तो वापरत नसत. मी विचार केला, दार उघडायचं नाही, ठीक. घराला बोट लावायचं नाही, तेही ठीक. कूलरला कुणी नाही म्हटलंय? चार बादल्या पाणी आणून टाकी काठोकाठ भरली, बाहेरच्या भिंतीवरचं बटण दाबलं आणि मोठं शहाणपण केल्याच्या आनंदात ड्यूटीला गेले.

अहो, मी कुरडया-पापड वाळवणाऱ्या घरातली पोर. आपल्या भागाची कोरडी हवा हीच बरणी, असं बाई शंभरदा म्हणायच्या. गुळाचं बिस्किट त्या हवेत आठ दिवस कडक राहिलं असतं. आणि मी त्याच्या तोंडावर रात्रभर ओला वारा सोडला! करायला गेले गणपती नि झाला मारुती. पण हे तेव्हा सुचलं तर ना. आणि बाईंनी शनिवारचं यंत्र डबीत ठेवलेलं, कूलरची घरघर त्यांना ऐकू येणार कुठून?

रविवारी सकाळी मी माझ्या मायला घेऊनच आले. तिचे गुडघे सोमवारी डॉक्टरला दाखवायचे होते. रिक्षातून उतरतोय तोच समोरून बाई चर्चहून येत होत्या, पांढरी साडी, मुलाच्या दंडाला धरून. तो पहाटेच पुण्याहून थेट उपासनेला आला होता. मागे गल्लीतली पाच-सहा माणसं.

"प्रभू उठला आहे!" बाई लांबूनच म्हणाल्या.

"खरोखर उठला आहे," मीही म्हटलं. चार वर्षांत शिकले होते.

मी आणि इंजिनियरने मिळून पाटा बाजूला केला. दार उघडलं, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मला ओल्या गुळाचा वास आला. ओला गूळ आणि कूलरच्या भिजलेल्या गवताचा. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पंखा अजून फिरत होता, टाकी कधीची रिकामी झालेली, नुसता कोरडा गरम वारा येत होता.

टेबलावर भिंती नव्हत्या. चारी भिंती मऊ होऊन खाली बसल्या होत्या, त्यांचा नुसता थर राहिला होता. वरच्या छपराचे दोन पाखे तेवढे, एकमेकांना टेकलेले, खालपर्यंत आले होते. मार्शमेलोची कौलं विरघळून त्यांच्यावर ओघळली होती.

मीच बोलले. "बाई, मी कूलर लावला होता. उन्हाने वितळेल म्हणून. माझं चुकलं. तुमचा हात चुकला नाही, बाई, माझी अक्कल चुकली." आणि मी खिडकीतल्या पंख्याकडे बोट केलं.

बाई टेबलाकडे बघत उभ्या होत्या. यंत्र कानात होतं. त्यांनी ते काढलं नाही.

इंजिनियर हसला नाही की 'बघ, मी म्हणत होतो' म्हणाला नाही. तो आईजवळ गेला, हळूच म्हणाला, "तुझी खोली पूर्वेची ठेवलीय, आई. सकाळचं ऊन येतं."

"पैज म्हणजे पैज," बाई म्हणाल्या. खांद्याच्या पिशवीतून त्यांनी गुण्या काढला आणि टेबलावर ठेवला. तो ठेवताना हात इतका थरथरत होता की लाकूड टेबलावर वाजलं. मला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात माझी माय गुडघ्यावर हात टेकवत, माणसांतून वाट काढत पुढे आली. तिला ह्या पैजेतलं काही ठाऊक नव्हतं. ती टेबलापाशी वाकली आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगं बया! ही कोपी कुनी केली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला गप्प करायला तोंड उघडलं, पण इंजिनियरने आधी विचारलं, "कोपी म्हणजे?"

"कोपी न्हाई म्हाईत? आमी ऊसतोडीला जायचो न्हवं, कारखान्यावं. थितं राह्यला करायची. दोन अंगांनी बांबूच्या ताट्या, वर जोडायच्या, वरनं पाचट. भिंती नसत्यात तिला. ही बगा की, अशीच." मायने बोटाने दाखवलं. "सा-सा म्हयनं आमी हिच्यात काडलेत. ही लेक माझी हिच्यातच झाली. आन् ह्या बगा, कोंबड्या बी हायत! आमी बी न्यायचो कोंबड्या."

अंगणातली पिल्लं वाऱ्याने सरकून त्या दोन पाख्यांच्या तोंडाशी जमली होती. एक तर आत शिरून बसलं होतं.

गल्ली माझ्याकडे बघत होती. जे मी चार वर्षं, त्याच्याही आधी दहा वर्षं, झाकून ठेवलं होतं, ते मायने एका दमात सगळ्यांसमोर मांडलं. मला लाज वाटली, हे सांगायलाच हवं. आणि त्या लाजेची मला आज जास्त लाज वाटते.

"मावशी, हे घर पडलंय," इंजिनियर नम्रपणे म्हणाला.

"पडलं?" मायला हसू आलं. "आवो सायेब, भिंतीचं घर पडतंय. कोपी कशी पडंल? ल्येकरं झोपवून आमी तोडीला जायचो, वावटळ सुटायची, लई वारं. शेजारच्या चाळीचं पत्रं उडलं, पर कोपी न्हाई. हलवून बगा की."

मग बाई बोलल्या, शाळेतल्या आवाजात. "हलव ना. इंजिनियर आहेस तू."

तो टेबलाशी गेला. आधी एका बोटाने, मग अंगठ्याने त्याने वरचा जोड दाबला. रात्री ओलावलेलं सगळं पहाटेपासून त्या कोरड्या वाऱ्याने पुन्हा खडखडीत वाळलं होतं. पाक आणि विरघळलेला मार्शमेलो दोन्ही पाख्यांमध्ये आणि खालच्या थरात घट्ट बसला होता. त्याने आणखी जोर लावला. टेबल करकरलं. कोपी तशीच.

त्याने हात काढला, अंगठ्याचा गूळ चाटला आणि खाली मान घालून म्हणाला, "त्रिकोण आहे."

"कुणी शिकवला होता?"

"तू."

बाई माझ्याकडे वळल्या. "साक्षीदार, पैज काय होती?"

मी डोळे पुसले आणि गाडीत थांबे पुकारते तसं खणखणीत सांगितलं, "रविवारी उपासनेहून आल्यावर घर उभं असलं, तर बाई इथंच. भिंतींचं कुणी काही बोललं नव्हतं."

"माणसं राहतात हिच्यात?" बाईंनी मायला विचारलं.

"मी राह्यलेय न्हवं."

इंजिनियर हसायला लागला. हसता हसता त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले. नेमकं हसू होतं की रडू, मी बघितलं नाही. काही गोष्टी कंडक्टरनेही बघू नयेत.

मग बाई माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तू मला स्लॅब सांगितला होतास."

"लाज वाटली, बाई."

"मापंसुद्धा दिली होतीस!" त्यांना त्याचाच राग जास्त आलेला दिसला. "दोन किलो गूळ खोट्या मापावर गेला माझा." आणि त्यांनी तो थरथरणारा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

कायद्याप्रमाणे पहिला तुकडा मोडायचा राहिला होता. बाई मायला म्हणाल्या, "ताई, घर तुमचं आहे. मोडा."

माय दोन पावलं मागे सरली. "या बया! राहतं घर कुनी मोडतं व्हय?"

त्या वर्षी गल्लीने नुसती पिल्लं खाल्ली. त्यातलं एक, आत बसलेलं, मायने कुणाला घेऊ दिलं नाही.

दुपारी जेवणं झाली. गाडीत सामान चढलं नाही. इंजिनियर न्हाणीघरात जाऊन भिंत वाजवून बघत होता. तिथूनच त्याने हाक मारली, "आई, इथे धरायला निदान एक दांडा तरी बसवू दे."

बाईंनी टेबलावरचा गुण्या उचलला, पिशवीत टाकला आणि तिकडे निघाल्या.

"बसव," त्या म्हणाल्या. "पण तिरका बसव. त्रिकोण झाला पाहिजे."